वाघापुढं कसला झगा?

वाघाला कपड्यातलं काही कळत नाही. भरजरी अंगरखा काय अन् फाटकं बनियन काय, पंजा बसला की दोन्ही सारखंच फाटतं. मग पिंजऱ्यात शिरणाऱ्या माणसाला एवढं सजवत कुणासाठी होते? तिकीट काढून बसलेल्यासाठी. तेव्हा मित्रांनो, हे कपडे नीट बघा. राजा कोण आणि रानटी कोण, हे शिवणारा आधीच ठरवून बसलेला असतो.

आयझॅक व्हॅन अँबर्ग. न्यूयॉर्क राज्यातला पोऱ्या, पिंजरे झाडत वर आला. १८३० नंतरच्या दशकात तो सिंहांच्या पिंजऱ्यात शिरू लागला तो रोमन योद्ध्याच्या पोशाखात. १८३९ साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणी त्याचा खेळ पुनःपुन्हा बघायला गेली. लँडसीअर या चित्रकाराने त्याच वर्षी त्याला रंगवला: सिंह-वाघांच्या मधोमध ऐटीत पहुडलेला, जवळ कोकरू. आता गंमत बघा. खुद्द रोममध्ये श्वापदांपुढं लोटले जात ते बहुतेक गुलाम, युद्धकैदी, शिक्षा झालेले लोक. मालक वर पायऱ्यांवर बसत. एकोणिसाव्या शतकात त्याच रिंगणातला वेष घालून हा बाबा मालक म्हणून मिरवला. आणि बाहेर हा वेष असला तरी त्याच्या हातातली पहार जनावरांच्या चांगलीच ओळखीची होती!

त्यानंतर इंग्लंडमध्ये मँडर्सच्या फिरत्या प्राणिसंग्रहालयात मार्टिनी मॅकोमो हा काळा माणूस सिंह खेळवत होता. त्याला कुणी अंगोलाचा म्हणे, कुणी झुलू. 'आफ्रिकन' हा शब्द जाहिरातीत असला की मालकाचं काम झालं. त्याच्या कातडीचाच पोशाख केला होता म्हणा ना. १८७१ मध्ये तो संडरलंडला आजारानं गेला. त्याच्या जागी आला मस्सार्टी, एका हाताचा. दुसरा हात सिंहानंच नेलेला. १८७२ च्या जानेवारीत बोल्टन गावी, हातात तलवार असतानाही, सिंहांनी त्याला भर खेळात फाडला.

क्लेअर हेलियट ही जर्मन बाई झुळझुळीत गाऊन घालून सिंहांना मेजवानी द्यायची. कोमल बाई, क्रूर जनावर, एवढंच दाखवायचं होतं.

विसाव्या शतकात क्लाईड बीटी आला. जन्म ओहायोचा, १९०३ चा. अंगावर पांढरा शर्ट, ब्रीचेस, गुडघ्यापर्यंत बूट. एका हातात चाबूक, दुसऱ्या हातात खुर्ची, कमरेला फुसक्या गोळ्यांचं पिस्तूल. आणि डोक्यावर सोला हॅट. ही हॅट भेंडासारख्या हलक्या गाभ्याची करतात. आपल्याकडं गोरे साहेब आणि कलेक्टर ती घालून फिरले. उन्हापासून डोकं वाचवणारी टोपी तंबूत, दिव्यांच्या उजेडात कशाला? कारण ती घातली की बघणाऱ्याला वाटतं, साहेब जंगलावर राज्य करतोय.

आणि आता आपला पुण्याचा दामू धोत्रे. १९०२ चा जन्म, गरिबाघरचा. मामाच्या सर्कशीत लहानपणीच शिरला, मग देशोदेशी फिरला. १९४० च्या सुमारास आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच उस्तादाबरोबर तो अमेरिकेत रिंगलिंगच्या सर्कशीत पोचला. बिबटे, काळा पँथर घेऊन तो काम करी. त्याचा वेष? डोक्याला फेटा आणि उघडी छाती. बीटीला हॅट, बूट, पिस्तूल. दामूला उघडं अंग. खेळ तोच, धोका तोच. किंबहुना उघड्या अंगाला धोका जास्त. पण अमेरिकन बघ्याला हिंदुस्थानचा माणूस असाच हवा होता. साहेब जनावरावर हुकूम चालवतो, आणि हा मात्र जनावरांच्याच जातीचा, म्हणून ती त्याचं ऐकतात! वर्षानुवर्षांची मेहनत, नजर, सराव, हे सगळं त्या उघड्या छातीमागं दडून गेलं. दुसऱ्या महायुद्धात तोच दामू अमेरिकन सैन्यात गेला, तेव्हा मात्र त्याला बाकीच्यांसारखाच गणवेश मिळाला. लढायला माणूस हवा असला की कपडे पुरे देतात.

दामू धोत्रे १९७३ ला वारले. भारतात वाघ, सिंह, बिबटे यांचे खेळ सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने बंद केले. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. रिंगलिंगचा तंबू मे २०१७ मध्ये उतरला. २०२३ ला ती सर्कस परत उभी राहिली ती एकही जनावर न घेता. फेटे आणि सोला हॅटी कुठल्या पेटीत पडल्या असतील, तर असोत. जुनी पोस्टरं मात्र अजून सापडतात, ती हातात आली तर आधी कपडे बघा.