एका गल्लीतली तीन घरं

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं. रँड, घरांच्या झडत्या, चापेकर बंधू. आजची गोष्ट त्याच्याही २३२ वर्षं आधीची, इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या एका खेड्यातली. गावाचं नाव ईम.

ईमच्या चर्चजवळ जुन्या दगडी घरांची एक रांग आहे. घरांपुढे पाट्या आहेत. आपल्याकडे पाटीवर राहणाऱ्यांची नावं असतात, इथे गेलेल्यांची.

एक घर मेरी हॅडफील्डचं. नवरा अलेक्झांडर शिंपी. लंडनहून आलेलं दमट कापड त्यांच्याकडच्या जॉर्ज विकर्सने शेकोटीपुढे वाळत घातलं आणि त्यातल्या पिसवांनी घात केला, असं सांगतात. ७ सप्टेंबर १६६५ ला विकर्स गेला. महिन्याभरात मेरीची दोन्ही मुलं गेली, एडवर्ड ४ वर्षांचा आणि जोनाथन १२ वर्षांचा.

शेजारच्या हॉक्सवर्थांकडे आधी पीटर गेला, मग त्याचं सव्वा वर्षाचं बाळ. बायको जेन वाचली, पण दोन्हीकडचे मिळून २५ नातेवाईक गमावून. रोझ कॉटेजमधले थॉर्प तर नऊच्या नऊ गेले.

जून १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम माँपेसन आणि त्याच्या आधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅनली यांनी गावाला पटवलं, की आता वेशीबाहेर कुणीच जायचं नाही. सीमेवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे, बाहेरच्यांनी सामान ठेवून जायचं. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली. साथ मात्र आसपासच्या गावांत पसरली नाही.

त्याग मोठाच! पण माँपेसनने स्वतःची मुलं आधीच यॉर्कशायरला पाठवली होती. (बायको कॅथरीन मागे राहिली, आणि ऑगस्टमध्ये गेली.) वेस बंद झाली तेव्हा मेरीचा नवरा जिवंत होता. ३ ऑगस्टला तोही गेला. घरात मेरी एकटी उरली.

गावच्या नोंदी म्हणजे त्या काळची लॉग फाइलच. २०१६ मध्ये संशोधकांनी त्यावर गणिती मॉडेल चालवलं. त्यातून निघालं, की साधारण तीन चतुर्थांश संसर्ग थेट माणसाकडून माणसाला झाला असावा. म्हणजे बाहेरचे वाचले, आणि त्याची किंमत एकमेकांच्या उशाशी बसणाऱ्यांनी मोजली.

असो. यापुढे कुणी 'गावाने त्याग केला' म्हणालं, की मी विचारणार आहे, गावातल्या कुठल्या घराने?