ब्रिटिश रेल्वेच्या द्रुतगती वाफ-एंजिनांची रंगसंगती

ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर द्रुतगती प्रवासी गाड्या ओढणाऱ्या वाफेच्या एंजिनांसाठी ठरविण्यात आलेली अधिकृत रंगयोजना. एंजिनाचा मूळ रंग, त्यावरील सीमारेषा, क्रमांक व मानचिन्ह यांचा तीत समावेश होतो.

१९४७ च्या वाहतूक अधिनियमानुसार १ जानेवारी १९४८ रोजी चार मोठ्या कंपन्या सरकारी मालकीच्या झाल्या. प्रत्येकीचा स्वतंत्र रंग होता. ग्रेट वेस्टर्नची एंजिने गडद हिरवी, नारिंगी व काळ्या रेषांची असून त्यांच्या धुराड्यांना तांब्याची कड असे. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश कंपनीने जुन्या मिडलँड रेल्वेचा किरमिजी रंग चालू ठेवला होता. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नची एंजिने सफरचंदी हिरवी, तर तिची वातानुकारी ‘ए ४’ एंजिने निळी होती. सदर्नने तजेलदार मॅलकाइट हिरवा रंग स्वीकारला होता. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक एंजिने काळी झाली, तरी प्रवासी व कामगार यांच्या मनातील कंपनीचा रंग पुसला गेला नव्हता. त्यामुळे नव्या राष्ट्रीय उपक्रमाने कोणता रंग घ्यावा, हा प्रश्न नाजूक ठरला. एका कंपनीचा रंग घेतल्यास उरलेल्या तिघींना तो आपला पराभव वाटण्याचा संभव होता.

रेल्वे कार्यकारिणीने प्रथम प्रयोगाचा मार्ग धरला. जानेवारी १९४८ च्या अखेरीस लंडनमधील केन्झिंग्टन (ॲडिसन रोड) स्थानकात नमुने मांडण्यात आले. त्यांत मिडलँड अँड स्कॉटिश कंपनीच्या एकाच बनावटीची तीन एंजिने इतर तीन कंपन्यांच्या तीन हिरव्या छटांत रंगविलेली होती. त्या कंपनीच्या जुन्या सेवकांना हे दृश्य कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते. त्याच वर्षी किंग, कोरोनेशन व ए ४ वर्गांतील काही एंजिनांना गडद निळा, तर कॅसल, ज्युबिली इ. वर्गांतील काहींना फिकट हिरवा रंग देऊन ती प्रत्यक्ष गाड्यांवर चालविण्यात आली.

१९४९ मध्ये निर्णय झाला. सर्वांत शक्तिमान द्रुतगती एंजिनांना काळ्या-पांढऱ्या रेषांचा, पूर्वीच्या प्रयोगाहून फिकट असा निळा रंग. इतर द्रुतगती एंजिनांना नारिंगी व काळ्या रेषांचा गडद हिरवा. मिश्र वाहतुकीच्या एंजिनांना लाल, दुधी व करड्या रेषांचा काळा आणि मालगाड्यांच्या एंजिनांना साधा काळा, अशी वाटणी ठरली. यांपैकी निळा वगळता खरोखर नवे असे थोडेच होते. गडद हिरवा व त्यावरील रेषा सरळ ग्रेट वेस्टर्नच्या होत्या. रेषांकित काळा रंग जुन्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा होता. यांत्रिक विभागाचे प्रमुख रॉबिन रिडल्स यांची उमेदवारी त्याच रेल्वेच्या क्रू येथील कारखान्यात झाली होती, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

राष्ट्रीय म्हणता येईल असा निळा रंगच अल्पायुषी ठरला. धूर, काजळी व वारंवारची सफाई यांपुढे तो टिकेना आणि थोडा फिकटला, की एंजिन कळकट दिसे. युद्धोत्तर काळात इतरत्र कामे सहज मिळत असल्याने एंजिन-शेडमधील सफाईचे कष्टाचे काम करण्यास तरुण मिळणे अवघड झाले होते. चालकपदाच्या शिडीची ही पहिली पायरी होती, पण तिचे आकर्षण ओसरले होते. १९५१ मध्ये निळा रंग देणे थांबले. त्याच वर्षी क्रू येथे तयार झालेले ब्रिटिश रेल्वेच्या प्रमाणित मालिकेतील पहिले एंजिन ‘ब्रिटानिया’ हिरव्या रंगातच बाहेर पडले. पुढील काही वर्षांत निळी एंजिनेही हिरवी झाली. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नसाठी आखलेल्या व १९४८-४९ मध्ये बांधलेल्या ‘ए १’ वर्गातील अनेक एंजिनांनी अशा रीतीने थोड्याच वर्षांत सफरचंदी हिरवा, निळा व गडद हिरवा असे तीन वेश पालटले.

१९५६ पासून विभागांना अधिक मोकळीक मिळाली आणि दबलेला स्थानिक अभिमान उघडपणे प्रकटला. वेस्टर्न विभागाने मिश्र वाहतुकीच्या एंजिनांनाही हिरवा रंग देण्यास प्रारंभ केला. लंडन मिडलँड विभागाने १९५७-५८ मध्ये कोरोनेशन वर्गातील ३८ पैकी १६ व प्रिन्सेस रॉयल वर्गातील ४ एंजिने किरमिजी रंगविली. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे एंजिन ‘इव्हनिंग स्टार’ (क्र. ९२२२०) मार्च १९६० मध्ये स्विंडन या ग्रेट वेस्टर्नच्या जुन्या कारखान्यातून बाहेर पडले. वर्गाने ते मालवाहू. नियमाप्रमाणे साधा काळा रंग त्याच्या वाट्याला यावयाचा. परंतु स्विंडनच्या कारागिरांनी त्याला द्रुतगती एंजिनाचा रेषांकित हिरवा रंग दिला व धुराड्याला तांब्याची कड बसविली. केवळ पाच वर्षांनी, १९६५ मध्ये, ते सेवेतून काढून घेण्यात आले.