वाळवंटी ग्रहावरचा पाऊस

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीवरून डेव्हिड लिंच यांनी सुमारे चार कोटी डॉलर खर्चाचा ‘ड्यून’ १९८४ मध्ये पडद्यावर आणला, तेव्हा त्यातील परिभाषा, उदाहरणार्थ ‘मेलांज’ म्हणजे आयुष्य वाढवणारा मसाला, प्रेक्षकांना उमगावी म्हणून काही अमेरिकी चित्रपटगृहांत चक्क छापील शब्दार्थपत्रके वाटण्यात आली. खुद्द हर्बर्ट यांचे मत संमिश्र होते: दृश्यरचना त्यांना आवडली, परंतु शेवटी नायक पॉल वाळवंटी ग्रहावर पाऊस पाडतो हे खटकले, कारण त्यांचा पॉल देवाची भूमिका वठवणारा माणूस होता, प्रत्यक्ष देव नव्हे. हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. नेपथ्याच्या भपक्यात कादंबरीचा गाभा, म्हणजे तारणहाराविषयीचा संशय, हातचा निसटला. अमेरिकेतील तिकीटविक्रीतून निर्मितीखर्चही भरून निघाला नाही.