स्थलनामांतील पाणी : मुंबईच्या वारसा-फेऱ्यांच्या निमित्ताने

मुंबईच्या जुन्या वस्तीतून जाणत्या मार्गदर्शकाबरोबर पायी हिंडण्याची, म्हणजे ज्यांना सांप्रत ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात त्या फेऱ्यांची, प्रथा अलीकडे चांगली रुळली आहे. त्यांतील पाण्याचा माग काढणाऱ्या फेऱ्यांत प्रस्तुत लेखक पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह एकाहून अधिक वेळा सामील झाला आहे. विद्यापीठीय वर्तुळात अशा फेऱ्यांकडे किंचित तुच्छतेने पाहिले जाते, ते योग्य नव्हे. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) हेही बव्हंशी प्रत्यक्ष पाहणीवरच उभे आहे. मात्र या फेऱ्यांतील मुख्य पुरावा स्थलनामांचा असतो, आणि तेथे भाषाभ्यासकाला थोडे थांबावे लागते.

पायधुनीचेच उदाहरण घेऊ. भरतीचे पाणी येथपर्यंत येई, ते ओलांडून मुंबई बेटावर येणारा मनुष्य येथे पाय धुई, म्हणून पायधुनी, असे मार्गदर्शक सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. व्युत्पत्ती अशक्य नाही. धातूस ‘-णी’ प्रत्यय लागून चाळणी, गाळणी, पेरणी अशी साधनवाचक वा क्रियावाचक नामे होतात. त्यांवरून स्थानाचा अर्थ लक्षणेने येऊ शकतो. ‘ण’च्या जागी ‘न’ आला याचेही नवल नको. कोकण किनाऱ्यावरील अनेक बोलींत हा बदल नित्याचा आहे, आणि या मोहल्ल्याचे नाव मराठीबरोबरच इतर भाषा बोलणाऱ्यांच्याही तोंडी घडले आहे. परंतु शक्य व्युत्पत्ती म्हणजे सिद्ध इतिहास नव्हे. एकटे नाव दुबळा साक्षीदार असते. त्यास बळ येते ते शेजाऱ्यांमुळे. पायधुनीपासून थोड्याच अंतरावर उमरखाडी आहे. त्यातील ‘उमर’ म्हणजे उंबर की आणखी काही, याविषयी वाद घालता येईल. ‘खाडी’विषयी येणार नाही. तिकडे पश्चिमेस महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून समुद्र आत शिरत असे व तो बांध घालून अडविण्यात आला. हे काम विल्यम हॉर्नबी याच्या गव्हर्नरपदाच्या काळातील (१७७१–१७८४). त्या बांधाच्या ‘वेलार्ड’ या नावात बांध वा कुंपण या अर्थाचा पोर्तुगीज ‘वालादो’ हा शब्द दडलेला आहे. ही नावे एकत्र मांडली म्हणजे बुजलेल्या खाडीचा मार्ग नकाशावर उमटू लागतो. मग पाय कोणी धुतले, हा प्रश्न गौण ठरतो.

धोबी तलावाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. फ्रामजी कावसजी बनाजी यांनी १८३९ मध्ये मोठा खर्च करून या तलावाचा जीर्णोद्धार केला, आणि त्यांच्या औदार्याची आठवण म्हणून सरकारने तलावास त्यांचे नाव दिले. तेथील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या इमारतीवरील शिलालेखात तशी नोंद आहे. आज तलाव नाही, तो बुजला. सरकारी नाव त्या दगडापलीकडे गेले नाही. राहिले ते कपडे धुणाऱ्यांचे नाव, तेही जेथे धुण्यास पाणीच नाही अशा चौकाला. गोवालिया टँकचेही तसेच. गुरांना पाणी दाखविण्याच्या जागेचे हे नाव आज १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावामुळे सर्वतोमुखी आहे; त्यातील गुरे आणि पाणी मात्र कोणाच्याच ध्यानात नसतात.

हे तलाव व विहिरी नाहीशा का झाल्या? नळ आला, हे अर्धे उत्तर. विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पुरे झाले. पुढे तुळशी व तानसा यांची भर पडली. उरलेले अर्धे उत्तर हिवतापाचे. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात शहरातील विहिरींकडे हिवतापाच्या डासांचे आश्रयस्थान म्हणून बोट दाखविले. विहिरी बुजविण्यास हिंदू व पारशी दोन्ही समाजांतून धार्मिक कारणास्तव विरोध झाला, आणि कित्येक ठिकाणी जाळी व झाकण यांवर तडजोड झाली. चर्चगेटजवळील भिका बेहराम विहीर (१७२५) अद्याप आहे. समुद्र इतका निकट असून तिचे पाणी गोडे. तेथे प्रवेश केवळ पारशी बांधवांस असल्याने मार्गदर्शक पदपथावर उभा राहूनच तिची हकीकत सांगतो. पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्या पदपथावर आपोआप समोर येतो. दुर्दैवाने तो क्वचितच विचारला जातो.

फेरी बहुधा मलबार टेकडीवर संपते. हँगिंग गार्डन हा बगीचा १८८१ च्या सुमारास पाणीपुरवठ्याच्या टाकीच्या छतावर तयार करण्यात आला. आपण पाण्यावर उभे आहोत, हे ऐकून मंडळींना मौज वाटते. आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे पाणी जिथून येतं, तिथे कोणी आपल्याला नेतं का?” ती शहापूर तालुक्यातली. तानसा व भातसा तिच्या घराजवळ, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

तिच्या प्रश्नास भाषेची एक बाजू आहे. तानसा, भातसा, वैतरणा ही नद्यांची नावे. परंतु वैतरणेवरील १९५७ चा तलाव अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने मोडकसागर झाला, आणि धोबी तलावावर जे सरकारी नाव टिकले नाही ते येथे सहज टिकले. प्रस्तुत लेखकास याचे कारण असे दिसते की, धोबी तलावास नाव देणारे त्याच्या काठी होते व त्याचे पाणी वापरीत होते. मोडकसागराचे पाणी पिणारे त्याच्या काठी कधी गेलेच नाहीत, आणि काठावरच्यांची नावे मुंबईस कोणी कळविली नाहीत. पाण्याखाली गेलेली शेते, पाणवठे, पायवाटा यांना काही नावे होतीच. ती ज्यांच्या तोंडी अजून आहेत ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. नावे टिपण्यासाठी वही घेऊन त्या विद्यार्थिनीने दिवाळीच्या सुटीत तीन पाडे पालथे घातले. बाकीचे पाडे अजून व्हावयाचे आहेत.