हशील, महसूल, तहसील : स्वरांविना लिहिण्याचे शास्त्र

धुळे-जळगावकडच्या तहसील कचेरीत महसुलाच्या रांगेत ताटकळलेला शेतकरी ‘यात काय हशील?’ म्हणून कपाळाला हात लावतो. तहसील, महसूल, हशील हे तिन्ही शब्द फारसीमार्गे आले, पण त्यांचे मूळ एकच : अरबीतला ह-स-ल हा तीन व्यंजनांचा धातू. त्याचा अर्थ हाती येणे. ‘हासिल’ म्हणजे हाती आलेले, ‘महसूल’ म्हणजे गोळा झालेले, ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे. फिनिशियन, हिब्रू, अरामी या अरबीच्याच भाषाकुळातल्या प्राचीन सेमिटिक लिप्यांनी स्वर का लिहिले नाहीत, हे समजून घ्यायला एवढे शब्द पुरतात.

पहिले कारण भाषेच्या घडणीत आहे. या भाषांत धातूचा अर्थ व्यंजनांचा सांगाडा धरून ठेवतो. स्वर, आणि कधी आधीचा ‘म’ वा ‘त’, त्या अर्थाला कर्ता, कर्म, क्रिया असे रूप देतात, आणि ही रूपे ठरीव साच्यांतून निघतात. भाषा येणाऱ्याला संदर्भावरून साचा ओळखता येतो. मराठीत ही सोय नाही. नुसते क-ळ लिहिले, तर रावेरची केळी, कपाशीची काळी, तापीकाठचा कोळी की झाडावरची कळी? या शब्दांचे एकमेकांशी नाते नाही. स्वर गेला की शब्दच जातो.

दुसरे कारण चिन्हांच्या जन्मात आहे. सिनाई वाळवंटात, सेराबित अल-खादिमच्या पिरोजाच्या खाणींजवळ इ.स.पू. 1800च्या सुमाराची आद्य सेमिटिक अक्षरे सापडली. वस्तूचे चित्र काढायचे आणि तिच्या नावाचा पहिला ध्वनी घ्यायचा, अशी ही रीत : घराच्या चित्राचा ‘बेथ’मधला ब, बैलाच्या डोक्याचा ‘आलेफ’मधला पहिला ध्वनी. हा ध्वनी ‘आ’ नव्हे. तो घशात श्वास क्षणभर अडवून काढलेले व्यंजन आहे. या भाषांत शब्द व्यंजनानेच सुरू होतो, तेव्हा या रीतीतून स्वराचे चिन्ह निघणारच नव्हते. शेजारच्या इजिप्शियन लिपीतही स्वर लिहीत नसत. स्वर वगळले म्हणण्यापेक्षा ते मुळात आलेच नाहीत, हे म्हणणे अधिक नेमके.

पुढे उणीव भासली तेव्हा जवळच्या व्यंजनांनाच कामाला लावले. अरबीत ‘तहसील’ त-ह-स-य-ल असे लिहितात आणि ‘महसूल’ म-ह-स-व-ल असे. ‘य’ दीर्घ ई दाखवतो, ‘व’ दीर्घ ऊ. ‘इति’ आणि ‘आदि’ यांचे ‘इत्यादि’ करणाऱ्याला हे नाते नवे नाही. ऱ्हस्व स्वर मात्र वाचकावर सोडले.

वाचक परका झाला की ही व्यवस्था अडखळते. इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास ग्रीकांनी फिनिशियन अक्षरे घेतली आणि आपल्या भाषेत नको असलेल्या व्यंजनांची चिन्हे स्वरांना दिली. आलेफचा अल्फा झाला. इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला तशा कुराणाच्या प्रतींत स्वरखुणा आल्या. हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेल्यावर पोथीवाचन चुकू नये म्हणून तिबेरियास शहरातल्या पंडितांनी खुणा पक्क्या केल्या. खानदेशाचे नाव फारसीत ख-अलिफ-न-द-य-स असे लिहीत. तिथला ‘य’ ए की ई, हे नाव आधी ऐकलेल्यालाच कळणार; नवखा ‘खानदीस’ही वाचील.

वाचकावरची ही भिस्त आपल्या लिखाणातही आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवत नाहीत, वाचणारा तो स्वतः भरतो. देवनागरीत तर ‘अ’ला मात्राच नाही. ‘जळगाव’ हे चार अक्षरी नाव आपण ‘जळ्-गाव्’ असे दोन ठोक्यांत म्हणतो, आणि ‘ळ’चा ‘अ’ कुठे गळला हे कुणी लिहून दाखवत नाही. मराठी न येणारा मात्र ज-ळ-गा-व असे चारही अक्षरांचे तुकडे पाडतो. स्वरखुणांची गरज पडते ती अशाच वाचकाला.