मुखवट्याआडची पत्रिका

गणपती जवळ आले की आपल्या इंदूरच्या ग्रुपवर रंगीत पत्रिकांचा पाऊस पडतो. मोबाईलवर सगळं नीट दिसतं. पण पंचवीस वर्षांपूर्वी ईमेलनं पत्रिका पाठवणं म्हणजे केवढी खटपट होती, ते आज लिहावंसं वाटलं.

मुळात ईमेल नटण्यासाठी बनलंच नव्हतं. १९८२ च्या नियमांप्रमाणे त्यात साधी रोमन अक्षरं तेवढी जात. अंक, चिन्हं सगळं धरून १२८ जागा, बस्स. १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' पद्धत मांडली, तेव्हा चित्रं आणि इतर लिप्या पाठवायची सोय झाली. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. एकाच पाकिटात तोच मजकूर दोन वेषांत घालायचा, आधी साधा, मग सजवलेला. घेणाऱ्याच्या प्रोग्रॅमला झेपेल तो वेष तो दाखवतो. समोरच्याकडे काय साधन आहे हे न विचारता त्याची सोय बघितलेली!

आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांना खुलं केलं. स्वस्तातलं खातं म्हणजे काळा पडदा आणि नुसती अक्षरं. पुढच्या वर्षी हॉटमेल आलं आणि ब्राउझरमध्ये मेल दिसू लागली.

आमच्या मंडळानं १९९९ ला पहिली ई-पत्रिका काढली. मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला गेलेली, त्यांना घरचं बोलावणं जावं म्हणून. डीटीपीवाल्या मुलानं केशरी किनार, मोठी अक्षरं, सगळं हौसेनं केलं. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून भाच्याचा फोन, "मामा, हे काय इंग्रजी अक्षरांचं गरगट पाठवलंय?"

कारण तेव्हाचा मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरावर चढवलेला मुखवटा. आत असायचं 'के', वरून दिसायचा 'क'. समोरच्या कम्प्युटरवर तोच फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडे. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ पासून होत्या, पण घरोघरच्या कम्प्युटरवर ती दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. तोवर आम्ही पत्रिकेचं चित्रच पाठवू लागलो. डायलअपवर ते उतरायला इतका वेळ लागे की तेवढ्यात चहा होऊन जाई. पुढे बऱ्याच मेल प्रोग्रॅमांनी बाहेरची चित्रं आपोआप दाखवणं बंद केलं. तिथं रिकामी चौकट. २००७ च्या आउटलुकनं सजवलेली मेल दाखवायला वर्डचं इंजिन घेतलं आणि मागची चित्रं गायब. सजावटवाले पुन्हा जुन्या तक्त्यांवर आले.

सजावट गेली त्याचं मला फारसं काही नाही. पण त्या सहा-सात वर्षांच्या मेलमध्ये आपल्या मंडळाचे कार्यक्रम, वर्गणीदारांची नावं, गेलेल्या माणसांची वार्ता आहे. कागदावर ती कुठेच नाही. जावक नोंदवहीशिवाय टपाल पाठवल्यासारखं झालंय.

तेव्हा विनंती. जुन्या खात्यात असं गरगट सापडलं तर कचरा समजून पुसू नका. मेलचा मूळ मजकूर उघडून बघा, सजवलेल्या मेलमध्ये बहुधा फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. नाव कळलं की युनिकोडमध्ये बदलता येतं. १९९९ ची पत्रिका मी अशीच वाचली. आरतीची वेळ संध्याकाळी साडेसात. २००१ आणि २००३ च्या अजून हव्या आहेत. कुणाकडे असल्या तर जशाच्या तशा मला पाठवा.