भिंत तिसऱ्या दिवशी पडते

तेरला मी पहिल्यांदा गेलो तो तिथली टेकाडं बघायला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची बाजारपेठ सांगितली आहे. हे तगर म्हणजेच तेर, असं फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. तेरणेकाठची ही टेकाडं म्हणजे गावाची पांढरी. घर पडायचं, माती तिथेच बसायची आणि तिच्यावर पुढचं घर उभं राहायचं. पडलेल्या घरांची इतकी जुनी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल. फक्त घर कुणाचं होतं आणि कशानं पडलं, हे तिच्यात नाही.

गोरोबाकाकांच्या या गावात मातीचा स्वभाव कुणाला सांगावा लागत नाही. मातीच्या भिंतीचं माळवद पुरात लगेच पडतंच असं नाही. पाणी पायात मुरतं, वर छताचा भार असतो, ऊन पडतं, तडा जातो आणि भिंत दोन-तीन दिवसांनी बसते. पंचनामा त्याआधी झाला असेल, तर कागदावर ते घर उभंच असतं.

हा फरक पैशांत मोजता येतो. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर १ लाख २० हजारांचं. अंशतः पडलेलं पक्कं घर साडेसहा हजारांचं, कच्चं चार हजारांचं, तेही निदान १५ टक्के पडझड असेल तर. हे १५ टक्के कोण, कधी आणि कुणासमोर मोजतं, यावर एका कुटुंबाचं पुढचं वर्ष ठरतं.

नोंद नीट जमवली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जुन्या राज्यात आहे. तेव्हा तेर निजामाच्या राज्यात होतं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं हैदराबाद बुडवलं. पुढच्या वर्षी विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांनी फक्त शहरातली पडझड पाहिली नाही, तर नदीचं सगळं पाणलोट मोजलं. त्यातल्या ७८८ तळ्यांपैकी २२१ फुटली होती. पूर शहरात आला, पण त्याचं कारण वर होतं. त्या हिशेबातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं उभी राहिली.

दुसरं उदाहरण पुराचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये घरोघरची पडझड मोजून गावांची वर्गवारी झाली आणि ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरवाटपाच्या याद्या ग्रामसभेत मांडल्या गेल्या. यादी सगळ्यांसमोर वाचली की चूक तिथेच कळते. शेजाऱ्याला शेजाऱ्याची भिंत माहीत असते.

पुराच्या पंचनाम्याचं तसं होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तेरणेनं काठची शेतं खरवडून नेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात परांडा-भूम भागात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. दोन्ही वेळा पंचनामे झाले, मदतीचे आकडे जाहीर झाले. पण पाणी कोणत्या गल्लीत किती हात चढलं, कोणत्या बाजूची घरं आधी बसली, हे एका नकाशावर गावाला परत मिळालं का? पंचनामा मदतीपुरता लिहिला जातो आणि मदत वाटली की फाईल बंद होते. मग नवं घर पुन्हा त्याच ओढ्याच्या तोंडाशी बांधलं जातं.

मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की कागदावर अतिवृष्टी होते. नदी मात्र वरच्या गावांच्या पावसानंही फुगते. ते पाणी मंडळाच्या आकड्यात दिसत नाही, भिंतीवरच्या गाळाच्या रेघेत दिसतं.

ती रेघ पुढच्या पावसात धुऊन जाते. तुमच्या गावात पाणी आलं तर तिच्याशेजारी खडूनं तारीख लिहा आणि फोटो काढा. तिसऱ्या दिवशी त्याच भिंतीचा पुन्हा काढा, आठव्या दिवशी पुन्हा. घरनंबरासह सगळ्या गल्लीचे फोटो एकत्र करून ग्रामसभेत ठेवा. तेरच्या टेकाडात हजारो भिंती आहेत, पण त्यातल्या एकीवरही तारीख नाही.